पापडीच्या पानावरची रेघ

सेक्टर ६, द्वारका,
नवी दिल्ली
२३ नोव्हेंबर २०१७, गुरुवार

प्रिय विश्वासभावजी,

सप्रेम नमस्कार. तुम्ही आणि अलका ठीक असाल, नागपुरात थंडी पडायला लागली असेल. माझं बरं चाललं आहे. गुडघे कुरकुरतात. दिवाळीनंतर इथे धूर इतका साचला की आठवडाभर खिडकी उघडली नाही. हे जाऊन येत्या फेब्रुवारीत तीन वर्षं होतील. तेव्हा अलकाचं पत्र आलं होतं, मी दोन ओळींचं उत्तर पाठवलं. तुम्ही स्वतः लिहिलं नाहीत. बरोबरच होतं ते.

बातमी अशी की तुमची नागअळी सापडली.

आमच्या सोसायटीमागच्या पार्कात पापडीची तीन झाडं आहेत. तुम्ही त्याला वावळच म्हणायचात, दिल्लीत इतकी वर्षं काढूनही. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सकाळी फिरताना खालच्या फांदीवर एक पान दिसलं. शिरेजवळून निघालेली केसासारखी पांढरी रेघ, वळत वळत रुंद झालेली, मधोमध विष्ठेची काळी दोरी, शेवटी तिळाएवढं लांबट भोक. अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये राहून आतलं खाते आणि निघताना स्वतःपुरता तुकडा कापून त्याचंच घर करते, हे तुम्ही मला आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये ओट्याशी उभं राहून समजावलं होतं. तुमच्या वडिलांच्या संत्र्याच्या बागेत अशीच अळी असायची, अण्णासाहेब तिच्यावर फवारा मारायचे आणि तुम्ही पानं लपवायचात, तेही सांगितलं होतं. मी सातवी शिकलेली. हे म्हणाले होते, "तिला काय सांगतोस? पान म्हटलं की तिला अळूवडी आठवते." तुम्ही म्हणालात, "वहिनी तुझ्याआधी शिकतील. लाव पैज."

शेजारच्या पाच पानांत अळ्या अजून आत होत्या. ती पानं आणून काचेच्या बरणीत ओल्या कापसावर ठेवली, तोंडाला मलमल बांधली. या वेळी रबर लावलं नाही. नाडीने बांधलं, तीन गाठी मारून. एकोणिसाव्या दिवशी सकाळी पतंग काचेवर बसलेला होता. अर्ध्या तांदळाएवढा. रुपेरी, पंखांवर दोन पिवळसर पट्टे, डोक्यावर केशरी केसांचा झुबका. ह्यांच्या भिंगातून पाहिला आणि खुर्चीत बसले, ती दूधवाल्याने दोनदा घंटा वाजवली तेव्हा उठले.

मुनिरक्यात वृंदा नावाची एक मुलगी खोली घेऊन राहते, कीटकांवर पीएच.डी. करते. करोल बागेतल्या गणपतीत ओळख झाली. जन्म दिल्लीचा, त्यामुळे मराठी आपल्या इथल्या मुलांसारखं. फोनवर म्हणाली, "काकू, डबीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा त्याला. दर्द नाही होत." नेमकं नाव ठरवायला त्याला मारावं लागतं, हे मला ठाऊक होतं. डबी मटारच्या पिशवीशेजारी ठेवली. दार लावताना हात अडला. का अडला ते सांगायलाच बसले आहे, पण आधी हे पुरं करते.

वृंदाने त्याच्या पोटाचं टोक सोडवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, जुन्या चित्रांशी ताडलं. गेल्या रविवारी घरी आली. चप्पलही काढली नाही, दारातूनच म्हणाली, "काकू, बिल्कुल तोच आहे! दिल्लीची याची एकही नोंद मला नाही भेटली. सत्तर वर्षांपूर्वीची पंजाबातली एक आहे, बस." लॅटिन नाव लांबलचक आहे, वेगळ्या चिठ्ठीवर उतरवून सोबत ठेवलं आहे.

मी ह्यांची शहाऐंशी सालची डायरी काढून तिच्यापुढे ठेवली. त्यात ते पहिलं पान अजून चिकटवलेलं आहे. तपकिरी झालंय, पण रेघ तशीच. वृंदा म्हणाली, या अळीची रेघ म्हणजे तिची सही. आता पतंग हाती असल्यामुळे या जुन्या पानाचीही नोंद धरता येईल, एकतीस वर्षं मागची. पानाखाली ह्यांचं अक्षर: "१९ ऑक्टोबर १९८६. मुनिरक्यामागचा रिज. वावळ. विश्वासला सापडले." त्यातल्या तुमच्या नावावर पट्टी धरून लाल शाईच्या दोन रेघा मारलेल्या. ऑफिसच्या फायलीत मारायचे तशा.

"हे नाव का कापलंय?" वृंदाने विचारलं.

"चूक झाली होती," मी म्हटलं.

"किसकी?"

भावजी, एकतीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.

माझी. त्या नोव्हेंबरात बरणी आमच्या घरी होती. तुम्ही गुरुवारी संध्याकाळी आलात, फडकं सोडून पाहिलंत, परत रबर लावलंत. नीट लावलंत, मी समोरच होते. जाताना म्हणालात, "भालचंद्र, उद्या निघाला तर माझ्या खिशात जाईल बरं का." हे हसले. मी त्याच संध्याकाळी लोकरीच्या कपड्यांची ट्रंक उघडली होती. उरलेल्या डांबरगोळ्यांची पुडी बांधायला काही मिळेना, म्हणून बरणीचं रबर काढलं. थोड्या वेळाने परत लावू म्हटलं आणि कणीक मळायला गेले.

सकाळी हे ऑफिसला गेल्यावर स्वेटर उन्हात घालायला बाजेवर पसरले. माझ्या आईने ह्यांना विणून दिलेल्या राखी स्वेटरवर काहीतरी बारीक चमकलं. मला वाटलं, कसर. कसर दिसली की आपण बायका काय करतो? दोन्ही हातांनी टाळी. हात उघडले तर तळव्यावर रुपेरी भुकटी आणि त्यात एक केशरी ठिपका. कसरीची भुकटी पिवळट असते, रुपेरी नसते, एवढं मला तोवर कळत होतं. तुम्हीच शिकवलं होतं.

हात साबणाने धुतले. मग पुडीचं रबर काढून बरणीला परत लावलं.

पहिली गोष्ट चुकून झाली. ही दुसरी चुकून झाली नाही. संध्याकाळी ह्यांना काय दिसलं? नीट बांधलेली बरणी, आत रिकामं कोषाचं टरफल. बांधलेल्या बरणीतून पतंग आपोआप जात नाही, आणि फडकं शेवटी तुम्ही सोडलं होतं. हे तसेच तुमच्या क्वार्टरला गेले, मी मागोमाग. अण्णासाहेब पाहुणे आले होते, मुलं अभ्यासाला बसली होती. त्या सगळ्यांसमोर ह्यांनी तुमच्या नमुन्यांच्या काडेपेट्या एकेक उघडल्या. तुम्ही एवढंच म्हणालात, "चहा घेऊन जा, भालचंद्र." मी दारात उभी होते, हात पदरात घेऊन.

उद्या सांगीन म्हणत राहिले. पुढच्या वर्षी तुमची बदली झाली. हे माझ्यावर ओरडले नसते, मला माहीत होतं. पण रविवारी भिंगापाशी ते मला शेजारी बसवायचे, इंग्रजी नावं वाचायला लावायचे. ती जागा जाईल, याची भीती वाटली. तुमची जागा गेलेली चालली मला.

तुम्ही गेल्यावर हे रिजच्या टेकडीवर एकटेच जायचे. दर ऑक्टोबरात पापडीखाली उभे राहायचे. तो पतंग त्यांना कधीच दिसला नाही. पुढे माझ्याबरोबर जाऊ लागले. तुमचं नाव घरात निघत नसे.

अजून एक राहिलं आहे. ते लिहिलं नाही तर वरचं सगळं फुकट.

शेवटच्या जानेवारीत ह्यांना हॉस्पिटलमधून घरी आणलं होतं. दुपारी उन्हात बसवलं होतं, तोच राखी स्वेटर अंगात. म्हणाले, "कुमुद, विश्वासचा नंबर आहे का गं?" अलकाचं दिवाळीचं कार्ड नंबरासकट माझ्याकडे होतं. तसं दर वर्षी यायचं, ह्यांना मी दाखवत नसे. मी म्हटलं, "नाही सापडत." थोड्या वेळाने म्हणाले, "असू दे. नेला असेल त्याने, तरी आता काय. नुसतं बोललो असतो." बारा दिवसांनी गेले.

ते तुम्हाला माफ करून गेले, भावजी. तुम्ही न केलेल्या गोष्टीसाठी. आणि मी ऐकत बसले.

नोंदीच्या कागदावर "प्रथम कोणाला सापडले" असा एक रकाना आहे. तिथे मी तुमचं नाव लिहून दिलं आहे. लाल रेघा खोडता येत नाहीत, म्हणून डायरीत त्यांच्याखाली माझ्या अक्षरात तुमचं नाव पुन्हा लिहिलं, तारीख घालून सही केली. तुमच्या शेजारी ह्यांचं नाव यावं असं मला वाटतं. पण ते सांगायचा हक्क मला नाही. वृंदा ३१ डिसेंबरपर्यंत थांबणार आहे. तोवर तुमचं उत्तर आलं नाही तर नोंद एकट्या तुमच्या नावाने जाईल, आणि तेही योग्यच होईल. माझं नाव कुठेही घालू नकोस, असं तिला बजावलं आहे.

मुलांना हे पत्र वाचून दाखवा. त्या दिवशी त्यांनी काडेपेट्या उघडताना पाहिलं होतं.

सोबत यंदाचं एक पान आहे, दोन पुठ्ठ्यांमध्ये. जपून उघडा, रेघेवरचा पापुद्रा फार पातळ आहे.

अलकाला नमस्कार. आजवर तुम्हाला जी काही पत्रं लिहिली त्यांत खाली "कुमुदवहिनी" अशी सही केली. आज ते पद मला लिहवत नाही. तुम्ही पुन्हा हाक माराल तर घेईन.

कुमुद