फोनवरचं भूत

रविवार, २ मार्च
कोबर्ग उपनगरातलं लाकडी घर पाहिलं. मागे लिंबाचं झाड. बायको, ग्लेनिस, झाडाखाली उभी राहून डोळे पुसायला लागली. एजंटसमोर! किंमत तिथल्या तिथे वाढते अशाने. निश्चय: घर डोक्याने घ्यायचं, काळजाने नाही.
स्वयंपाकघरात ताज्या पावाचा वास. विकायला काढलेल्या घरात पाव कोण भाजतं? डाव ओळखला. तीन तुकडे खाल्ले, पण विरघळलो नाही.

गुरुवार, ६ मार्च
एजंट ट्रेंटचा फोन. फोन आला की आमचा कुत्रा पिकल भुंकत सुटतो, त्यामुळे अर्धंच ऐकलं. खूप लोक विचारताहेत म्हणे. म्हणजे कुणीच नाही. त्या घराच्या शेजाऱ्याला गाठलं, तर घर चांगलं आहे म्हणाला. त्यालाही पैसे चारलेले दिसतात.
ग्लेनिस म्हणाली, याच संशयापायी तू आधीची घरं घालवलीस, भाड्याच्या घरातच म्हातारी होणार मी. बाई फार भावनाप्रधान.

शुक्रवार, २१ मार्च
उद्या लिलाव. मर्यादा नऊ लाख डॉलर. वर एक सेंट नाही, हात मिळवून ठरलं. ग्लेनिसने घरीच थांबायचं; तिच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं. ती हूं की चूं न करता कबूल झाली. यातही पाणी मुरतंय, पण एका वेळी एकच भानगड.

शनिवार, २२ मार्च, दुपारी
घरासमोर रस्ताभर गर्दी. बहुतेक शेजारी, हातात कॉफी, फुकटचा तमाशा बघायला आलेले. बोली लावणारे दोनच: मी, आणि ट्रेंटच्या फोनवरचं कुणीतरी. ना चेहरा, ना नाव; भूतच. मालकाने उभं केलेलं खोटं गिऱ्हाईक, दुसरं काय! सरकत सरकत ट्रेंटजवळ गेलो. फोनमधून कुत्रं भुंकत होतं. काय तयारी! थेट आमच्या पिकलसारखं, रेकॉर्ड करून लावलेलं.
भूत नऊ लाखांवर पोचलं. पण भुताला भिऊन पळणारा मी नव्हे. एकदम साठ हजार वर चढवले. भुताची बोबडी वळली. मी पूर्ण शांत होतो. ओरडलो ते फक्त नीट ऐकू जावं म्हणून.
घर आमचं! सही तिथेच केली. लिलावात घेतलेलं परत करता येत नाही, हे बरंच आहे.

शनिवार, संध्याकाळी
शॅम्पेन घेऊन घरी आलो. ग्लेनिस ओट्याशी रडत होती. मला तोंडच उघडू दिलं नाही. म्हणाली, रागावू नकोस, तू याही वेळी संशय घेऊन पळ काढशील म्हणून मीच फोनवरून बोली लावत होते. ठरल्याप्रमाणे नऊ लाखांवर थांबले. पण तिथे कुणी माथेफिरू होता, पिकलच्या भुंकण्यातही फोनमध्ये त्याचं ओरडणं ऐकू येत होतं. त्याच्या बायकोची कीव येते रे.
पिकल माझ्याकडे बघून भुंकला. सही केलेला कागद अजून खिशातच आहे.

रविवार, ३० मार्च
वरच्या साठ हजारांसाठी माझी लाडकी कॅरव्हॅन, सुट्टीतलं चाकांवरचं घर, विकायला काढली. ग्लेनिस सध्या नव्या घराविषयी फक्त पिकलशी बोलते.
आज एक जोडपं कॅरव्हॅन बघायला आलं. मी आत ताजा पाव भाजून ठेवला होता. बाई लगेच हरखली. नवरा मात्र दारातच थांबला आणि हवा हुंगत म्हणाला, कसला वास झाकताय?