तक्त्यावरचे अठ्ठ्याण्णव

३० मे, रविवार. सकाळ.

धाकटे, आधी हे लिही, की वही फ्रिजवर होती आणि तू ती गादीखाली शोधत होतीस. काल चष्मा, परवा गॅसवरचं दूध. पुढे कधी ही वही मला वाचून दाखवशील, तेव्हा तुला वाटेल हे दुसऱ्याच कुणाच्या सुनेने लिहिलंय. म्हणून नोंद असू दे: अक्षर तुझं, डोकं माझं. मला अक्षर येत नाही, त्यामुळे डोक्यात जागा भरपूर.

साथीला वर्ष उलटलं. घरात सरकारवरून फाटाफूट. थोरला मुलगा सरकारी आरोग्य खात्यात, रोजचे रुग्ण मोजून आकडा वर पाठवतो. धाकट्याचं, म्हणजे तुझ्या नवऱ्याचं, सलून सरकारनेच बंद केलंय. अठरा दिवसांपूर्वी जेवताना धाकटा त्याला म्हणाला, तुम्ही लोक आकडे दाबता. थोरला भरल्या ताटावरून उठला आणि वरच्या मजल्यावर आपल्या खोलीत गेला. तिथे एकटाच असतो. लग्न त्याने ऑफिसशी केलंय. तेव्हापासून भावाभावात शब्द नाही. जिन्यात गाठ पडली तर एक भिंत बघतो, दुसरा मोबाइल.

निश्चय: पुढच्या रविवारी दोघं एका टेबलावर जेवणार. मी कुणाच्याच बाजूची नाही. सरकार नालायक आहे, पण ते वेगळं.

३१ मे. संध्याकाळ.

दुधाच्या रांगेत चर्चा. एक रिटायर्ड मास्तर सरकारची बाजू घेत होते. म्हणे, इतर ठिकाणी बघा काय हाल आहेत. मी मास्क खाली घेतला, कारण मास्कमधून सरकारला बोललेलं पोचत नाही. म्हटलं, माझं मागणं एकच. खरा आकडा सांगा. लोकांना खरं पेलतं, लपवाछपवी पेलत नाही. मागच्या बाईने हसत टाळीला हात पुढे केला. दिली.

उद्यापासून रांगेत मास्क काढायचा नाही. आजचं कारण वेगळं होतं.

२ जून.

वर जाऊन थोरल्याच्या दाराशी बसले. सांगितलं, धाकटा तुझी आठवण काढतो. (धाकट्याने विचारलं होतं, वरचे साहेब आहेत की गेले? आठवणच ती.) खाली येऊन धाकट्याला सांगितलं, दादा तुझ्या सलूनची चौकशी करत होता. (तो म्हणाला होता, मागच्या दाराने गिऱ्हाईक घेतलंस तर पहिली तक्रार मी करीन. चौकशीच ती.)

काम मार्गी लागलंय. असं सरकारला जमलं असतं तर ही वेळ आली नसती.

थोरल्याने एकच विचारलं, तक्ता भरता ना? स्वयंपाकघराच्या दारावर त्यानेच लावलाय तो, भांडणाच्या आधी. रोज सकाळी आम्हा तिघांचा ताप लिहायचा. त्याला लहानपणापासून दमा, म्हणून जरा जास्तच जपतो. म्हटलं, भरतो. म्हणाला, सगळे नॉर्मल असले तरच रविवारी खाली येईन.

४ जून, शुक्रवार.

अंग जरा कोमट. थर्मामीटर शंभर दाखवतो. जुना झालाय.

धाकटीला म्हटलं, अठ्ठ्याण्णव लिही. ती पेन हवेत धरून बसली. म्हटलं, रविवार होऊ दे, मग खरं ते सांगू. आत्तापासून सगळ्यांना घाबरवायचं कशाला? तर म्हणते कशी, आई, परवा टीव्हीवर मंत्री हेच म्हणाले, तेव्हा तुम्ही रिमोट फेकलात.

फेकला. पण तो देश आहे, हे घर आहे. अठ्ठ्याण्णव.

५ जून.

आज थर्मामीटर शिट्टी वाजायच्या आधीच काढला. काखेत किती वेळ धरायचं माणसाने? अठ्ठ्याण्णव आला. म्हणजे उतरला. खोकला नाही, ठसका आहे.

मध्ये तासभर वही बंद होती. धाकटीने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "आई, दादांना दमा आहे."

मला सांगते. त्याला मांडीवर उभा धरून श्वास मोजलेत मी. एवढं एक जेवण होऊ दे, सोमवारी मी स्वतःच डॉक्टरांकडे जाते.

तिने तक्त्यावर अठ्ठ्याण्णव लिहिलं. अक्षर वाकडं आलंय. वाचता येत नसलं तरी वाकडं दिसतं मला.

६ जून, रविवार. दुपार.

थोरला आला. आत येण्याआधी दारातच थांबला. तक्त्यावरून बोट खाली फिरवत नेलं, माझी ओळ, धाकट्याची, धाकटीची. मग मास्क काढला, नीट घडी करून खिशात ठेवला. तेव्हा सांगणार होते. पण तो बसलाच, आणि म्हणाला, बऱ्याच दिवसांनी गरम जेवतोय.

दहा मिनिटं छान गेली. दोघं मीठ मागण्यापुरते बोलले. मग धाकट्याने काढलंच, की आज किती दाबले? थोरल्याने चमचा ठेवला. आवाज चढवला नाही. "लोक सांगतात तेच मी लिहितो. घरातलेच लपवतात, मग मी खरा आकडा कुठून आणू?"

धाकटी माझ्याकडे बघत होती. मी कुणाकडेच नाही. तेवढ्यात मला ठसका लागला, थांबेना. दोघं उठले, एक या बाजूने, एक त्या बाजूने. धाकट्याने पाणी धरलं, थोरला पाठ चोळत राहिला. अठरा काय, पंचवीस दिवसांनी दोघांचे हात एकाच जागी.

बेत यशस्वी. लिही.

११ जून.

रिपोर्ट आले. मी पॉझिटिव्ह. धाकटा आणि धाकटी निगेटिव्ह.

थोरला पॉझिटिव्ह. त्याला जिन्यावरून चालत नेता आलं नाही.

१६ जून. कोविड सेंटरमधून, फोनवर.

धाकटे, फोन स्पीकरवर ठेव आणि लिही. मला ताप नाही. शिट्टी वाजेपर्यंत धरते हल्ली, नर्स उभीच असते.

थोरला समोरच्या वॉर्डात. ऑक्सिजन अजून आहे, पण कमी केलाय म्हणतात. किती कमी ते विचारलं, तर बघू म्हणतात. मी म्हटलं, खरा आकडा सांगा. नर्स थर्मामीटर घेऊन पुढच्या खाटेकडे गेली.

धाकटा त्याला दिवसातून चार वेळा फोन करतो. सरकारचा विषय निघत नाही. दोघांचं एकमत झालंय, ते माझ्याबद्दल. तेव्हा बेत अगदीच फसला असं कुणी म्हणू नये.

राहू दे, हे खोड.

आज थोरल्याचा फोन आला. एकेका शब्दाला थांबत होता. "आई, शुक्रवारी किती होता?"

शंभर, म्हटलं.

"शनिवारी, रविवारी?"

माहीत नाही रे. दोन्ही दिवस वाजायच्या आधी काढला.

बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मी मोजत होते. मग म्हणाला, बरं, ऑफिसला तसं कळवतो, ताप शुक्रवारपासून.

तू रडतेस ते ऐकू येतंय. रडू नकोस. मी सांगितलं ते तू लिहिलंस. आता दारापाशी जा. शुक्रवारचं अठ्ठ्याण्णव खोड, शंभर लिही. शनिवारचं, रविवारचं खोड आणि तिथे काही लिहू नकोस. रिकामंच राहू दे.

आणि डब्यात थोरल्यासाठी मऊ भात पाठव, गिळता येईल इतका पातळ, मीठ बेताचं. वेगळ्या वाटीत गाजराचं सूप, गाळून. डबा धाकट्यालाच घेऊन येऊ दे. मला भूक नाही. उकडलेली अंडी पाठवलीस तर दोन पाठव, आणि सोलून. मागच्या वेळी मीठ विसरली होतीस.