राजगिरीच्या माथ्यावर विचारलेलं गाव

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्यावर अजून चिडलेलं माणूस चेन्नईत मी एकटीच उरले असेन. बाकीच्यांसमोर तुमचं नाव निघालं की ते "काय माणूस होता!" म्हणतात आणि गप्प होतात. मीही गप्पच होते, पण माझं कारण वेगळं आहे. ते आज लिहायला बसलेय, आणि तुम्ही शिकवलेल्या मराठीतच लिहितेय, मुद्दाम. रविवारी सकाळी मराठी मंडळाच्या हॉलमध्ये तुम्ही माझं एखादं वाक्य उचलायचात, "हे तंजावरचं झालं, आता मराठीत सांग," म्हणायचात, आणि सगळा वर्ग हसायचा. आता या पत्रात एक तरी चूक काढून दाखवा.

तुमच्याकडे मला घातलं ते अप्पांनी. ते जॉर्ज टाउनमध्ये लोखंडी सामानाच्या दुकानात कामाला होते, घर तांबरमला. आमचं घराणं कधीकाळी कुठल्यातरी फौजेबरोबर इकडे तंजावरला आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी होती, पण जुनी, तमिळच्या चालीवर हेलकावे घेत चालणारी. पुण्याहून बदली होऊन आलेल्या, अड्यारच्या सरकारी कचेरीत साहेब असलेल्या माणसाकडून मुलीने मराठी शिकावी याचं अप्पांना कोण कौतुक! "सर बोल्ले की अच्चडिच्च मादिरी अस्तं," म्हणायचे, म्हणजे छापल्यासारखं. तुमची नक्कल करायला जायचे आणि जमलं नाही की स्वतःच हसायचे. तुमच्यावर इतका जीव टाकलेला माणूस तुम्हाला मंडळात दुसरा मिळाला नसता.

म्हणून त्या वर्षी पोंगलच्या सुट्टीत तुम्ही मंडळाची सायकल मोहीम जिंजीला न्यायचं ठरवलंत, तेव्हा पहिलं नाव अप्पांनी दिलं, दुसरं माझं. दोन हजारच्या दशकाचा मधला काळ तो, मी सतरा वर्षांची. तुमची निळी रेसर सायकल पुण्याहून आणलेली, हलकी. अप्पांची काळी, मागे भलंमोठं कॅरियर असलेली, दुकानाचा माल वाहून वाहून वाकलेली. तांबरमहून पहाटे निघालो. चेंगलपट्टूला तळ्याकाठच्या पडक्या तटापाशी तुम्ही पहिलं भाषण दिलंत. मधुरांतकमच्या तलावाच्या बांधावर अप्पांनी सगळ्यांना ऊस खिलवला. रस्त्यावर भात वाळत घातलेला, त्याला वळसा घालून जायचं, चिंचेच्या सावल्या, आणि मागून अप्पांचं गाणं. तिंडिवनमला एका लग्नाच्या हॉलमध्ये मुक्काम केला तिथेही जेवणाचं बोलणं अप्पांनीच केलं, कारण इतकी वर्षं राहून तुम्हाला तमिळमध्ये भातही मागता येत नव्हता. मला ते तेव्हा गमतीचं वाटलं होतं. आता आठवलं की दात-ओठ खाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भुईमुगाच्या शेतांपलीकडे जिंजीचे तीन डोंगर दिसले. त्यातला सगळ्यात उंच राजगिरी चढताना अप्पा सगळ्यांच्या पुढे. वरच्या दरीवरचा तो लहानसा पूल ओलांडून झाल्यावर ते थांबले, माझा हात धरला आणि म्हणाले, "आपले लोक अस्के इथूनच पुढं गेले, लेंकरा." अस्के म्हणजे आमच्या बोलीत सगळे. त्यांचे डोळे भरले होते. पुस्तकात वाचून नव्हे, घरात ऐकून हा किल्ला त्यांना माहीत होता.

माथ्यावर तुम्ही भगवा झेंडा उभा केलात आणि रिवाज सांगितलात. एकेकाने पुढे यायचं, आपलं मूळ गाव मोठ्याने सांगायचं, झेंड्याला हात लावायचा. सातारा, वाई, चिपळूण, नगर. प्रत्येक गावाला टाळ्या. अप्पा पुढे आले, शर्ट नीट केला आणि म्हणाले, "तंजावर."

तुम्ही हसलात. "ते झालं हो, रावसाहेब. पण त्याच्या आधीचं? खरं गाव?"

"आधीचं म्हंजे... ते ठाऊक नाही, सर. माझ्या आजोबालापण ठाऊक नव्हतं."

आणि मग हशा पिकला, सर. तुम्ही तो थांबवला नाहीत. तुम्ही हात वर करून म्हणालात, "मग तुम्ही आज आमचे पाहुणे! अरे, पाहुण्यांना प्रसाद आधी द्या." कुणीतरी अप्पांच्या हातात खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि तुम्ही पुढच्या माणसाला बोलावलंत. पुढची मीच होते. मी ओरडूनच "तंजावर" म्हटलं. तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत आणि सगळ्यांना सांगितलंत, "हिचं मराठी मात्र मी सुधारलंय हं." बापाचा पाणउतारा करायला तुम्ही लेकीचा दाखला दिलात. ज्या किल्ल्यावर आमची माणसं राहिली, लढली, मेली, तिथे बदलीवर आलेला माणूस यजमान झाला आणि अप्पा पाहुणे. झेंड्याला त्यांनी हात लावला नाही. हातातलं खोबरं त्यांनी तटावरच्या माकडाला दिलं.

परतीच्या वाटेवर मरक्काणमला मिठागरांच्या कडेने जाताना समोरून वारा होता. अप्पा माझ्याशेजारी आले, बाटली पुढे केली आणि म्हणाले, "तण्णी कुडी." पाणी पी. त्याआधी ते माझ्याशी कधी तमिळमध्ये बोलले नव्हते. अलमपरैचा समुद्रात कोसळलेला किल्ला, सद्रासच्या किल्ल्यातली डचांची थडगी, सगळं तुम्ही मन लावून समजावलंत, आणि अप्पा सायकलजवळ उभे राहिले. घरी आल्यावरही तमिळच. मी एकदा म्हटलं, "अप्पा, मराठीत बोला ना." ते म्हणाले, "तू बोल. तुझं चांगलं आहे." ते माझ्याशी बोललेलं हे शेवटचं मराठी वाक्य. तुमच्यामागून काही वर्षांनी ते गेले, हॉस्पिटलात, शेवटपर्यंत तमिळ बोलत. माझ्या घरातली भाषा तुम्ही एका विनोदात मारलीत, आणि तुम्हाला पत्ताही नव्हता.

की होता? पुढच्या रविवारी वर्ग सुटल्यावर तुम्ही मला सायकलची पितळी घंटी दिलीत. "बाबांना दे," म्हणालात, "त्यांच्या सायकलला घंटी नाही." मी ती अप्पांना दाखवलीसुद्धा नाही. वाटेतल्या पंक्चरवाल्याला देऊन टाकली. तुम्हाला वाटलं असेल, पोचली. नाही पोचली.

तुम्ही गेल्यावर मोहीम बंद पडणार होती. ती मी हातात घेतली, आणि लोकांना वाटलं, काय ही गुरुभक्ती! सर, मी ती घेतली तुम्हाला त्यातून पुसून टाकायला. तुम्ही आधी जिंजी आणि येताना समुद्र करायचात, मी सगळी वाट उलटी फिरवली. तुमची भाषणं बंद केली. जेवण आता सगळे तमिळमध्ये मागतात, मागता आलं नाही तर उपाशी राहा म्हणते. मंडळाने मोहिमेला तुमचं नाव द्यायचं काढलं तेव्हा मीच आडवी आले, आणि "सरांना असलं आवडलं नसतं" असं इतक्या गोड आवाजात सांगितलं की तुमच्या पत्नीलाही पटलं. गावाचा रिवाज तेवढा मी ठेवला. का ठेवला ते मलाही नीट माहीत नव्हतं. या वर्षी कळलं.

या वर्षी तांबरमला पहाटे एक मुलगी आली, कॉलेजातली. तिच्याखालची सायकल मी अंधारातही ओळखली असती. निळी, टायर नवे, बाकी तीच. "माझे आजोबा ही राइड न्यायचे, अक्का," ती म्हणाली. मी "हो का" म्हटलं आणि पुढे झाले. समुद्राकाठचे दोन्ही किल्ले ती बडबडत आली, तमिळ जास्त, मराठी अडखळत. सर, खरं सांगते, जिंजीचे डोंगर दिसेपर्यंत, माथ्यावर तिला गाव विचारायचं याखेरीज मला दुसरं काही सुचत नव्हतं.

राजगिरीवर झेंडा उभा केला. आयटीतली, मोटार कारखान्यातली पोरं एकेक गाव सांगत होती. तिची पाळी आली. ती म्हणाली, "अड्यार."

"अगं, अड्यार कसलं मूळ गाव! तिथे फ्लॅट असतो!" एक नाशिकचा पोरगा ओरडला, आणि तोच हशा पिकला. मी तो थांबवला नाही. तो तुमचा होता, तुमच्याच रक्ताच्या पोरीपर्यंत पोचत होता, आणि मला तो पोटभर ऐकायचा होता. मग मी तुमचेच शब्द वापरले. "ते झालं. पण त्याच्या आधीचं? खरं गाव?"

ती गोंधळली नाही. म्हणाली, "वेरे ऊर नाही मला, अक्का. आजोबा तिथंच वारले, आजी तिथंच आहे. मग दुसरं कुठलं सांगू?"

हसणं थांबलं. दुसरं गाव नाही, असं तुमची नात जिंजीच्या माथ्यावर सगळ्यांदेखत सांगत होती, सर, आणि तुम्ही ऐकायला नव्हतात, एवढंच मला डाचलं. मी तिला म्हटलं, "झेंड्याला हात लाव." तिने लावला. मी तुम्हाला माफ केलं असं यातून समजू नका. केलेलं नाही, आणि पुढच्या वर्षीही मोहिमेला तुमचं नाव लागणार नाही.

हे पत्र कुणाला द्यायचं नाही. तुमच्या पत्नीला तर नाहीच. फक्त एक गोष्ट राहिली. खाली उतरताना पुलाजवळ ती आणि मी दोघीच मागे होतो, हसायला कुणी नव्हतं, आणि मी तिला पुन्हा विचारलं, "तुझं गाव कोणतं म्हणालीस?" तिने परत सगळं सांगितलं, तसंच, शेवटचा शब्द लांबवून वर नेत. अप्पा असंच बोलायचे. मी पाणी प्यायच्या निमित्ताने थांबले आणि तिला म्हटलं, अजून काहीतरी बोल.