एक काळी गोटी

४ मार्च
विमेवाला आमच्या फ्रीमेसन बंधुमंडळाच्या लॉजचा मास्टर झाला. म्हणजे वर्षभर तो उंच खुर्चीत बसणार आणि आम्ही मान द्यायचा. बसल्याबसल्या 'नेतृत्व' या विषयावर पाऊण तास बोलला. नेता मेणबत्तीसारखा असतो म्हणे! मग बिनखिडक्यांच्या सभागृहातले चांगले दिवे बंद करून मंद पिवळे बल्ब लावायला लावले. 'वातावरणनिर्मिती'. मला लॉजच्या गणवेशातल्या एप्रनची नाडी बांधता येईना. काय उजेड पाडलाय.

११ मार्च
नवा नियम — लॉजच्या मागच्या खोलीत सभासदाखेरीज कोणी काही चालवायचं नाही. रोख कोणावर आहे ते शेंबड्या पोरालाही कळेल. तिथे वायरमन संध्याकाळी शाळा सुटलेल्या मुलांना वायरिंग शिकवतो. फुकट. आमच्या 'शिक्षण व समाजसेवा' अहवालात खरं म्हणावं असं तेवढंच आहे, बाकी नुसते फोटो.

वायरमन माझा शाळेतला विद्यार्थी. गणितात यथातथाच होता, पण कधी खोटं बोलला नाही. त्याला म्हटलं, सभासद हो, मी तुझं नाव सुचवतो.

"मला कशाला सर त्या मोठ्या लोकांत?"

"खोलीसाठी."

जरा विचार करून म्हणाला, "बरं. खोलीसाठी."

१८ मार्च
चहाच्या वेळी दातांचे डॉक्टर नाक मुरडून — "माणूस चांगला आहे हो सर, पण मांडीला मांडी लावून बसायचं म्हणजे..." पुढचं गिळलं. या दातवाल्याने जन्मभर लोकांची तोंडं साफ केली, स्वतःचं तेवढं राहिलं.

सकाळी सूनबाई म्हणाली, "बाबा, मोजे वेगवेगळे घातलेत. एक काळा, एक राखाडी." हिला सकाळी दुसरं काम नाही.

२५ मार्च
वायरमनसाठी मतदान झालं. पांढरी गोटी म्हणजे हो, काळी म्हणजे नाही. खणातून एक उचलायची, पेटीच्या भोकात टाकायची. एक जरी काळी निघाली तरी माणूस बाद. आणि कोणी काय टाकलं ते मरेपर्यंत सांगायचं नाही, शपथच आहे. पूर्वी नकारासाठी चौकोनी ठोकळे असायचे, हाताला कळायचे. विमेवाल्याने नवा संच आणलाय, सगळ्याच काचेच्या गोल गोट्या. 'देखणा' आहे म्हणे.

सुचवणारा म्हणून मी सर्वांत आधी गेलो. शेवटी पेटी उघडली.

एक काळी.

२६ मार्च
वायरमनला सांगायला मलाच जावं लागलं. म्हणाला, "कोणी टाकली ते कळतं का सर?"

"नाही."

"बरंय मग. नाहीतर रस्त्यात भेटल्यावर बोलायचं कसं?"

पंधरा दिवसांत खोली रिकामी करायची आहे. मुलांना काय सांगणार, विचारलं. नुसता हसला. मला संताप आवरत नाही. काळी कोणाची ते मला पक्कं ठाऊक आहे.

१ एप्रिल
आज भर सभेत दातवाल्याला सुनावलं. म्हटलं, बंधू बंधू म्हणत गळा कापणारी तुमची जात. त्याचा चेहरा पडला. "सर, शपथ नसती तर आत्ता सांगितलं असतं."

"शपथेआड लपणं सोपं असतं," मी म्हणालो.

त्याने एप्रन सोडला, नीट घडी घालून बाकावर ठेवला आणि निघून गेला. कोणी थांबवलं नाही. मेणबत्ती खुर्चीतच बसून राहिली. मला फार बरं वाटलं.

८ एप्रिल
लॉजतर्फे नेत्रतपासणी शिबिर. म्हणजे एक बॅनर, एक फोटोवाला आणि मधे कुठेतरी डोळ्यांचे डॉक्टर. फोटोसाठी पहिला पेशंट पोक्त हवा, म्हणून मला बसवलं. वरचं मोठं अक्षर वाचलं. खाली सगळं धुकं.

"सर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. कमी उजेडात तर तुमचे फारच हाल होत असतील."

फोटोवाला म्हणाला हसा. हसलो. घरी येईपर्यंत ते मोजे आठवत होते.

९ एप्रिल
सकाळी किल्ली घेऊन लॉजमध्ये गेलो. तेच पिवळे बल्ब लावले. खणातून पाच पांढऱ्या गोट्या निवडल्या. नीट बघून, वेळ घेऊन.

वायरमन मागच्या खोलीतली बाकं न्यायला आला होता. सभागृहाचा उंबरठा परक्याने ओलांडायचा नाही, म्हणून दारातच थांबला. त्याच्यापुढे हात धरला. म्हटलं, "यात काळी आहे का रे?"

त्याने बाहेरूनच हात लांबवून दाराजवळचं बटण दाबलं. जुने दिवे लागले.

"दोन आहेत सर." मग पेटीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

मी दाराची चौकट धरली. त्याने हातातलं बाक उंबरठ्यातून आत सरकवलं. "बसा सर." स्वतः बाहेरच उभा राहिला.

१० एप्रिल
आज सभेत शपथ मोडणार. त्याआधी दातवाल्याच्या घरी जायचं आहे. माझा हात धरून वायरमन नेतोय.