टेबलावरचं घुबड

सूनबाई,

टेबलावरच्या घुबडाला हात लावू नकोस, गोंद अजून ओला आहे. परवा रानात तू माझ्यासाठी वाकून वाकून वेचलेल्या सालींचं त्याचं पोट आहे आणि पंख वाळक्या पानांचे. बियांचे डोळे चिकटवताना घाम फुटला, पण पठ्ठ्याने हार मानली नाही! तोंड थोडं तुझ्या सासूसारखं झालंय, तेवढं तिच्या कानावर घालू नकोस.

व्यायामाचा तो रबरी चेंडू आता माळ्यावर टाक. मी काठी घेऊन आणखी बिया आणायला चाललोय. माझ्या मागे कुणाला पाठवू नकोस.

अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय झालेत, खुशाल हस. हात लुळा पडल्यापासून आज पहिल्यांदाच उजव्याने लिहितोय.