बादलीतला समुद्र

अण्णा, काल मारतहळ्ळीतल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये आपली फिल्म पुन्हा दाखवली. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तरी तुमचा आवाज अजून बेंगळुरू सोडतो, घाट उतरतो आणि गोकर्णला पोचतो. पुण्याहून इथे नोकरीला आलेली एक मुलगी डोळे पुसत माझ्याकडे आली. "मॅम, शेवटी समुद्र बघताना त्यांचा आवाज कसला होतो! खरंच गेले होते ना ते?" मी म्हटलं, "नाही, प्रवास काल्पनिक आहे." मग ती जास्तच रडली.

माझ्या फिल्म अशाच असतात. शहर खरं, रस्ते खरे, फिरणारा माणूस मनातला. या फिल्ममधला माणूस बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात लेथवर आयुष्य काढतो आणि निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा समुद्र बघायला निघतो. तो कुणावरून घेतला, हे तुम्हाला सांगायला नको. आवाज येतो म्हणून फ्रिज बंद करून मी तुम्हाला आपल्याच स्वयंपाकघरात बसवलं आणि त्यानं वाटेवरून लिहिलेली पत्रं वाचायला दिली.

त्याच स्वयंपाकघरात, अठरा वर्षांची असताना, मी कॉलेजच्या सहलीसाठी हट्ट धरला होता. मला समुद्र बघायचा होता. तुम्ही बादलीत पाणी भरलंत, मूठभर मीठ टाकलंत आणि ती माझ्यापुढे सरकवलीत. "हा बघ तुझा समुद्र. बघून झाला की फरशी पूस." आई हसली. मी त्याच पाण्यानं फरशी पुसली. दोन दिवस पाय चिकटत होते. तुम्ही हे विसरलात, मी नाही विसरले.

रेकॉर्डिंगच्या तिसऱ्या दिवशी तुमच्या खुर्चीशेजारी पिशवी होती. इस्त्रीचा शर्ट, मफलर, बिस्किटांचा पुडा. पत्रातली प्रत्येक ओळ तुम्हाला आपल्या दोघांचा बेत वाटत होती. कारखान्यात एखाद्या सुट्या भागाचं ड्रॉइंग हातात आलं की तो भाग बनायचाच. कागदावर काढायचं आणि करायचं नाही, असलं काम तुम्ही जन्मात पाहिलं नव्हतं.

"मग निघायचं कधी?" तुम्ही विचारलंत. "घाटात स्वल्प थांबू हं, मला गरगरतं."

"अण्णा, तुम्ही जायचं नाहीये. मला फक्त आवाज हवाय. समुद्रच बघायचा असेल तर बादलीत मीठ कालवून देते."

तेव्हा तुम्हाला आठवलं. तोंडावरून कळलं मला. तुम्ही पिशवी पायानं टेबलाखाली सारलीत आणि चष्मा पुसलात.

"सरी, बरं. कुठून वाचू?"

"शेवटचं पान."

एका दमात वाचलंत. लोक रडतात ते त्या आवाजाला. समुद्र मी एकटीच जाऊन शूट करून आले. फिल्म पुरी व्हायच्या आत तुम्ही गेलात. पुड्यातली बिस्किटं सादळली होती, टाकून दिली.

पुढच्या फिल्मसाठी हे पत्र कुणाकडून वाचून घ्यावं, हा विचार लिहितानाच दोनदा मनात आला, म्हणून ते खणात ठेवते आहे. लेकीनं जुना राग काढला, असं समजून तुम्ही गेला असाल. फिट्टंफाट झाली म्हणून कदाचित बरंही वाटलं असेल. पण राग केव्हाच विझला होता, अण्णा. त्या दिवशी तुमचा आवाज फार आनंदी लागत होता, आणि शेवटच्या पानाला तो चालला नसता.