डाळिंबी कोटाचे माप

४ नोव्हेंबर

चि. सौ. धाकटीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र वेळेवर पोहोचले. उत्तरास विलंब झाला, याबद्दल दिलगीर आहे. तुझ्या ताईला जाऊन आज अडुसष्ट दिवस झाले. दिवस मोजू नका असे तू लिहिले आहेस. परंतु ज्याने चौतीस वर्षे दुकानांतील वजने-मापे तपासण्याची नोकरी केली, त्याला मोजणे थांबव असे सांगून उपयोग नसतो.

मी नियमाने जेवतो. सकाळी फिरून येतो. कपडे स्वतः धुतो. सदऱ्यांच्या कॉलरी मात्र तिच्यासारख्या ताठ होत नाहीत.

आज लिहिण्यास एक विशेष कारण घडले. कोपऱ्यावरील शिंपीदादा काल सायंकाळी हातात एक गाठोडे घेऊन आले. ते अडीच महिने मुलीकडे परगावी होते, त्यामुळे त्यांना काहीच ठाऊक नव्हते. बाईंना जरा बाहेर बोलवा, एकदा अंगाला लावून बघू, असे ते म्हणाले. मला सांगणे भाग पडले. ते पायरीवरच बसले. पाणी दिले, तेही त्यांनी घेतले नाही.

गाठोड्यात एक कोट निघाला. गुडघ्यापर्यंत लांब, मोठ्या काळ्या गुंड्यांचा, आणि रंगाने डाळिंबी. पिकलेल्या डाळिंबाचा दाणा असतो, अगदी तसा. काहीतरी चूक आहे, माझी पत्नी राखाडीशिवाय दुसरा रंग वापरत नसे, असे मी त्यांना नम्रपणे सांगितले. त्यांनी मापांची वही उघडून पुढे केली. पत्ता आपल्या घराचा, सही तिच्या हातची. आजारी पडण्याच्या बारा दिवस आधीची तारीख. पुढे मापे होती, आणि त्यांत डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली, अशी नोंद होती. शाळेच्या वह्यांची पिशवी त्या खांद्यावर पंचवीस वर्षे होती. हे माप दुसऱ्या कोणाचे असू शकत नाही.

मापात चूक नाही. मग चूक कोठे आहे? तिने हा कोट तुझ्यासाठी शिवावयास टाकला होता काय? तसे असल्यास कळवावे, म्हणजे व्यवस्थित पोहोचवितो.

घरातील मंडळींस यथायोग्य सांगावे. माझी आठवण ठेवतेस, तशीच ठेवीत जावी.

तुझा,
भाऊजी

०

९ नोव्हेंबर

ती. भाऊजींस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं, दोनदा वाचलं. आमचे हे गेल्या महिन्यात कामासाठी तिकडे आले होते, तेव्हा तुमच्या सदऱ्याची वरची गुंडी तुटलेली होती म्हणे. तुमची गुंडी तुटलेली! मी तर आधी विश्वासच ठेवला नाही. जेवता म्हणता, पण काय जेवता ते लिहीत नाही. नुसता चहा ढोसून नियमाने जेवलो असं लिहिता येतं, हे मला ठाऊक आहे.

कोट माझा नाही. माझे हात ताईपेक्षा चांगले तीन बोटं लांब. लहानपणी ती मला माकडीण म्हणायची आणि उंचावरचे डबे माझ्याकडूनच काढून घ्यायची. तिचा कपडा मला कधी बसला नाही.

हौस म्हणून टाकला असेल शिवायला. माणसाला होते एखादी हौस. तुम्ही त्यात जास्त डोकं घालू नका. कोट एका कागदात बांधून ठेवा, मी कधीतरी येऊन घेऊन जाईन. आणि तिचं कपाट, प्रवासाची पिशवी, तेही तुम्ही एकट्यानं उघडत बसू नका. मी येईन तेव्हा दोघं मिळून आवरू.

शाळेत सहामाही परीक्षा आहेत. पोरांनी काढलेली दोनशे फुलं तपासायची आहेत, सगळी एकसारखी सुकलेली. मास्तरीणबाईंचं मन यंदा चित्रकलेत नाही, हे पोरांनाही कळलंय.

जिवाला जपा. रागावला असलात तरी पत्र टाकत राहा.

तुमची,
धाकटी

०

१६ नोव्हेंबर

चि. सौ. धाकटीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू उत्तर दिलेस, पण प्रश्नाचे नव्हे. शिवाय जी पिशवी उघडू नका असे लिहिलेस, ती मी त्याच दिवशी उघडली. तुझ्या सूचनेमागे काही आहे, एवढे मला कळते.

अस्तराच्या खिशात पितळेचा एक बिल्ला सापडला. त्यावर स्टेशनाच्या सामानघराचा शिक्का आणि एक्केचाळीस हा आकडा आहे. तुला ठाऊक आहे की दर तीन महिन्यांनी ती चार दिवस तुझ्याकडे येत असे, आणि मी तिला स्टेशनाच्या दारापर्यंत पोहोचवीत असे. आत जाऊन उभे राहणे मला आवडत नाही. तीही, तुम्ही निघा आता, असे दारातच म्हणे.

मंगळवारी मी तो बिल्ला घेऊन गेलो. सामानघर सांभाळणाऱ्या वयस्कर बाईंनी बिल्ला पाहिला, मग मला नखशिखान्त न्याहाळले, आणि मी या पेटीवाल्या बाईंचा नवरा का असे विचारले. होय म्हणताच, तुमच्या बाई सांगायच्या तेवढे तुम्ही उंच नाही, असे म्हणाल्या. घडले ते मी सांगितले. त्या आतल्या फळ्यांकडे वळल्या. नंतर एक छोटी पेटी आणून, ही दहा वर्षे माझ्या ताब्यात आहे आणि त्याआधी आधीच्या बाईंच्या ताब्यात होती, असे त्यांनी सांगितले.

पेटीतील वस्तू अशा: पोपटी झगा एक, पिवळे जाकीट एक, कोपरांवर विरलेले, मोठ्या फुलांचे दोन सदरे, पिवळा गळ्याचा रुमाल, लाल बूट, टाचा झिजलेल्या. बूट तिच्या मापाचे आहेत. जाकिटाचा डावा खांदा अर्धा इंच खाली आहे.

या वस्तू जुन्या आहेत, वापरलेल्या आहेत, आणि मी त्यांपैकी एकही कधी पाहिलेली नाही. एकोणतीस वर्षे आम्ही एका घरात होतो. मी तुला सरळ विचारतो. हे वाक्य लिहिताना लेखणी दोनदा थांबली. तिच्या आयुष्यात मला ठाऊक नसलेले कोणी होते काय? उत्तर काहीही असले तरी ते मला हवे आहे. न कळण्यापेक्षा ते सोसेन.

तुझा लोभ कमी होऊ नये, एवढीच इच्छा.

तुझा,
भाऊजी

०

२० नोव्हेंबर

ती. भाऊजींस शि. सा. न. वि. वि.

काहीतरीच काय, भाऊजी. होतं ना कोणीतरी. मी होते, आमचे हे होते आणि धक्क्यावरचा म्हातारा नावाडी होता. याउप्पर कोणी नव्हतं. तुम्ही असं विचारलंत म्हणून मला आधी राग आला, मग रडू आलं, आणि शेवटी वाटलं की चूक माझी. पहिल्याच पत्रात सांगायला हवं होतं.

ताई घरून राखाडीत निघायची. तुमची पाठ वळली की पेटी सोडवायची, बायकांच्या प्रतीक्षालयात कपडे बदलायची, आणि माझ्याकडे उतरायची ती पोपटी होऊन. चोवीस वर्षं. परतताना उलटं. इथे चार दिवस आम्ही नुसत्या भटकायचो. नदीच्या पलीकडे जायचं, बसमध्ये अगदी पुढची जागा पकडायची, बाजारात न घ्यायच्या टोप्या घालून बघायच्या. नावाडी तिला पिवळ्या बाई म्हणायचा. लांबून जाकीट दिसलं की होडी थांबवायचा. परवा त्यानं विचारलं, पिवळ्या बाई यंदा आल्या नाहीत का. मला सांगता आलं नाही. येतील म्हणाले.

कारणही लिहिते, मनाला लावून घेऊ नका असं म्हणणार नाही, कारण तुम्ही घेणारच. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तुमच्या साहेबांकडे निरोपाचं जेवण होतं. ताई केशरी झगा घालून तयार होऊन आली. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात की वजनमापे खात्यातल्या माणसाची बायको जाहिरातीच्या फलकासारखी दिसू नये, लोक बघतील. तिनं निमूटपणे बदलला. मला हे तिनं हसत हसत सांगितलं होतं, पण केशरी झगा मला देऊन टाकला.

मी म्हणायचे, अगं सांग की त्यांना. तर म्हणायची, त्यांनी कुठे बंदी घातली आहे? एकदाच बोलले. पण पुढच्याच वाढदिवसाला ते स्वतः जाऊन राखाडी शाल घेऊन आले, आणि इतक्या हौसेनं माझ्या खांद्यावर घातली, की मग माझी जीभच रेटली नाही.

रागवा, पण माझ्यावर. तिच्यावर नको.

तुमची,
धाकटी

०

२८ नोव्हेंबर

चि. सौ. धाकटीस अनेक उत्तम आशीर्वाद.

रागावण्याचा अधिकार मला आहे असे वाटत नाही.

ते जेवण मला आठवते. वाक्यही आठवते. तुझ्या ताईने तुला सांगितले नसेल, कारण तिलाही ते ठाऊक नव्हते, की त्या दिवशी माझ्या कोटाचे कोपर विरले होते आणि आतून ठिगळ लावले होते. ती दारात येऊन उभी राहिली, तेव्हा खोलीतला दिवा मोठा केल्यासारखे वाटले. तिच्या शेजारी मी कसा दिसेन, एवढाच विचार माझ्या मनात आला. तो विचार मी खात्याच्या प्रतिष्ठेचे नाव देऊन बोलून दाखविला. खोटे वजन आणि त्यावर खरा शिक्का. अशा गोष्टीसाठी मी इतरांचे परवाने रद्द केले आहेत.

पुढे ती राखाडीच वापरू लागली, तेव्हा तिला तोच रंग आवडतो अशी माझी समजूत झाली. शाल, हातमोजे, छत्री, दोन स्वेटर, मागील वर्षीचा कोट. दरवर्षी मी दुकानात जाऊन छटा मिळते की नाही हे खिडकीपाशी उजेडात नेऊन तपाशी. आमच्या हिला राखाडीच लागतो, असे दुकानदाराला अभिमानाने सांगे. आणि ती प्रत्येक वेळी, तुम्हाला बरे नेमके सापडते, असे म्हणे.

आता एकच गोष्ट उमगत नाही. पेटीतील सर्व कपडे तुझ्या गावचे आहेत. शिंप्यांच्या चिठ्ठ्या शिवलेल्या आहेत. मग हा शेवटचा कोट तिने आमच्या शिंप्याकडे का टाकला? माझ्या विजारी शिवणाऱ्या माणसाकडे, आणि तोही घरचा पत्ता देऊन? तो घरीच आणून देणार, हे उघड होते. इतकी वर्षे एकदाही न चुकलेली बाई येथे कशी चुकली?

ठाऊक असल्यास लिहावे. लोभ मागण्याची आज लाज वाटते; तरी मागतो.

तुझा,
भाऊजी

०

३ डिसेंबर

ती. भाऊजींस शि. सा. न. वि. वि.

ताई चुकली नाही.

जुलैत तुम्ही निवृत्त झालात आणि आपण होऊन म्हणालात की यंदा धाकटीकडे मीही येतो. तिची शेवटची दोन पत्रं त्यावरच आहेत. तुम्हाला दाखवायचं धाडस नव्हतं म्हणून लपवली. हे सोबत असताना सामानघरात जाता येणार नाही, असं तिनं लिहिलंय. चार दिवस राखाडीत काढले असते, पण मग नावाडी होडी थांबवणार नाही. तेव्हा आता ठरवलंय, कोट घरीच मागवायचा, घरातच चढवायचा, आणि दारातून ह्यांच्या बरोबरीनं तसंच बाहेर पडायचं.

खूप घाबरली होती, आणि तितकीच खूश होती. तुम्ही आधी चष्मा पुसाल, याबद्दल आमचं एकमत होतं. पुढे काय म्हणाल, यावर आम्ही पैज लावली. मी म्हटलं, भाऊजी सांगतील बदलून ये. ती म्हणाली, एक अक्षर बोलायचे नाहीत, मुकाट्यानं माझी पिशवी उचलतील आणि चालू लागतील.

पैज कोण जिंकलं, ते कळायचं राहून गेलं.

तो कोट मला द्याल का? हात तोकडे झाले तरी चालतील. आणि या हो, भाऊजी. एकदा येऊन जा.

तुमची,
धाकटी

०

१२ डिसेंबर

चि. सौ. धाकटीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पैजेचा निकाल देणे माझ्याकडे आले आहे. तो द्यावयास सात दिवस लागले.

दाराजवळच्या खुंटीवर तिचा राखाडी कोट होता. तो काढून तेथे मी डाळिंबी कोट अडकविला. रोज सकाळी बूट घालून त्याच्यासमोर उभा राहिलो, आणि तो दिवस आला आहे, गाडीला तासभर आहे, अशी कल्पना केली. जे वजन पारड्यात पडलेच नाही, त्याचा दाखला देता येत नाही, अशी आमच्या खात्याची शिकवण आहे. तिचा आधार घेऊन सुटता आले असते. परंतु मी स्वतःला ओळखतो. मी चष्मा पुसला असता, आणि म्हणालो असतो की लोक बघतील.

पैज तू जिंकलीस. ती हरली, हे तिला कळले नाही, एवढेच काय ते बरे झाले.

सोमवारी कोटाची एक गुंडी घट्ट करून आणावयाची होती. तो न गुंडाळता, तसाच हातावर टाकून मी शिंप्याकडे निघालो. वाटेत इस्त्रीवाल्याने हटकले, रंग भलताच भडक आहे साहेब, कोणाचा कोट, असे विचारले. माझ्या पत्नीचा आहे, तिला शोभतो, असे मी म्हणालो. त्याला ती गेल्याचे ठाऊक आहे. मी पुढे चालू लागलो. तिला शोभतो. दोन शब्द. एकोणतीस वर्षांत ते मी प्रथमच मोठ्याने उच्चारले, आणि ऐकावयास इस्त्रीवाला होता.

कोट देता येणार नाही, याबद्दल क्षमा असावी. तो खुंटीवर राहील. टांगलेला असतानाही त्याचा डावा खांदा अर्धा इंच खाली असतो. पेटी मात्र घेऊन येतो. ती तुमच्या गावची आहे. गुरुवारी दुपारच्या गाडीने निघेन.

नावाड्याला तू काही सांगू नकोस. ते मीच सांगावे, हे योग्य होय. तो मला ओळखणार नाही आणि होडी थांबविणार नाही, म्हणून पिवळा रुमाल पेटीतून वेगळा काढून माझ्या कोटाच्या खिशात ठेवला आहे. गळ्यात बांधण्याचे धैर्य होईल की नाही, हे आज सांगता येत नाही. स्टेशनावर गाडीच्या आधी अर्धा तास पोहोचेन. पुरुषांच्या प्रतीक्षालयात आरसा आहे, अशी चौकशी करून ठेवली आहे.

लोक बघतील.

जो लोभ तिच्यामुळे लाभला, तो तिच्यामागे राखावा.

तुझा,
भाऊजी